गो: फंक्शनला इंटरफेस द्यावा की टाइप पॅरामीटर?

मार्च २०२२ मध्ये गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या १.१८ आवृत्तीसोबत जेनेरिक्स, म्हणजे टाइपची जागा मोकळी ठेवून (टाइप पॅरामीटर) कोड लिहायची सोय, आले आणि तेव्हापासून कोड रिव्ह्यूमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण इंटरफेस म्हणजे साधारणपणे टाइपकडे कोणत्या मेथड हव्यात याची यादी, आणि गोमध्ये कन्स्ट्रेंट, म्हणजे टाइप पॅरामीटरवरची अटसुद्धा, इंटरफेस म्हणूनच लिहितात. रीड ही मेथड मागणारा रीडर हा इंटरफेस पॅरामीटरचा टाइप म्हणूनही चालतो आणि टी या टाइप पॅरामीटरवरची अट म्हणूनही. कंपाइलर दोन्ही मुकाट्याने स्वीकारतो.

मी एकच गोष्ट बघतो: आत गेलेला टाइप पुन्हा बाहेर यायला हवा आहे का? दोन व्हॅल्यूंतली मोठी परत करणारं फंक्शन घ्या. ऑर्डर्ड (लहान-मोठं ठरवता येणारे टाइप) अशी अट घातलेल्या टी-वर ते लिहिलं, तर दोन इंट दिल्यावर इंटच परत मिळतो. एक इंट आणि एक स्ट्रिंग दिली तर कंपाइलर तिथेच अडवतो. तेच एनी (कोणताही टाइप चालणारा इंटरफेस) घेऊन लिहिलं, तर आत टाइप स्विच (टाइप ओळखून वेगळी वाट) आणि बाहेर टाइप असर्शन (खरा टाइप पुन्हा सांगणं), शिवाय चूक झाली की पॅनिक (प्रोग्रॅम कोसळणं) थेट चालत्या प्रोग्रॅममध्ये.

स्लाइसच्या (एकाच टाइपच्या व्हॅल्यूंची यादी) बाबतीत तर पर्यायच उरत नाही. इंटची स्लाइस एनीच्या स्लाइसच्या जागी देता येत नाही. ६४-बिट मशीनवर इंट ८ बाइटचा, तर इंटरफेसची व्हॅल्यू दोन मशीन-शब्दांची (वर्ड), म्हणजे १६ बाइटची. मेमरीतली मांडणीच वेगळी. मग लूप लावून नवी स्लाइस भरत बसा. इथे सरळ टाइप पॅरामीटर वापरावा.

पण फंक्शनला फक्त रीड मेथड बोलवायची असेल, तर टी आणून काय साधलं? नुसती चौकटी कंसांची गर्दी. शिवाय वर्तुळ, चौकोन, त्रिकोण एकाच यादीत ठेवायचे असतील तर इंटरफेसच लागतो, कारण टी-ची स्लाइस एका वेळी एकाच टाइपची असते. उलट इंट किंवा फ्लोट अशी युनियन असलेला कन्स्ट्रेंट साध्या व्हेरिएबलचा टाइप होऊच शकत नाही.

‘जेनेरिक्स म्हणजे वेग’ हे मात्र अर्धंच खरं. जुन्या सॉर्ट पॅकेजमध्ये लेस (तुलना) आणि स्वॅप (अदलाबदल) या मेथड इंटरफेसमधून बोलावले जातात, त्यामुळे गो १.२१ मधलं स्लाइसेस पॅकेज तिथे बाजी मारतं. पण कंपाइलर प्रत्येक टाइपसाठी स्वतंत्र कोड काढत नाही. सगळ्या पॉइंटर टाइपना एकच प्रत मिळते आणि त्यांच्या मेथड डिक्शनरीतून (टाइपच्या माहितीच्या तक्त्यातून) शोधल्या जातात. अशा ठिकाणी इंटरफेस काढून टी आणल्याने वेग वाढत नाही, कधी कधी उलट कमी होतो. बेंचमार्क (वेगाची मोजणी) लावल्याशिवाय या कारणासाठी चालता कोड बदलू नये.

तरीही ठरत नसेल, तर आधी ठोस टाइप घेऊन लिहा. तेच फंक्शन दुसऱ्या टाइपसाठी कॉपी करावं लागलं आणि दोन्हींत टाइपच्या नावापलीकडे काही फरक दिसला नाही, की मग टी आणा.