एका मशिनवर चार जेनकिन्स एजंट: आठ महिन्यांनंतर

जेनकिन्स म्हणजे टेस्ट आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर: त्याचा कंट्रोलर कामं (जॉब) वाटतो, मशिनवरचा एजंट ती चालवतो. टेस्टिंगसाठी टीमला मशिन मिळालं एकच, पण तगडं: १६ कोअर, ६४ जीबी रॅम, वर उबुंटू. प्रोजेक्ट मात्र चार. "एकच एजंट ठेव आणि एक्झिक्युटर चार कर की," असं दोघातिघांनी सुचवलं. (एक्झिक्युटर म्हणजे एजंटमधली एका वेळी एक जॉब चालवणारी जागा.) मला ते नको होतं. एका प्रोजेक्टचे पासवर्ड दुसऱ्याच्या जॉबला दिसणार, आणि एकाचं काही अडकलं म्हणून एजंट रीस्टार्ट केला की बाकी तिघांच्या चालू टेस्ट आडव्या. म्हणून चार वेगळे एजंट, प्रत्येकाला स्वतःचा लिनक्स यूजर आणि स्वतःचं वर्क फोल्डर.

जोडणी सोपी आहे. एजंट कंट्रोलरला वेबसॉकेटनं, म्हणजे नेहमीच्या वेब जोडणीतूनच, जोडला तर ५०००० हा वेगळा पोर्ट (नेटवर्कचं दार) उघडावा लागत नाही, त्यामुळे नेटवर्कवाल्यांची मनधरणी वाचली. तरी पहिल्याच दिवशी माती खाल्ली. एजंट चालवणाऱ्या सर्व्हिसची फाइल कॉपी केली आणि चौथ्या एजंटचं नाव बदलायला विसरलो. या नावाचा एजंट आधीच जोडलेला आहे म्हणून कंट्रोलर त्याला हाकलत होता, सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू ठेवणारी व्यवस्था) त्याला दर दहा सेकंदांनी पुन्हा उभा करत होता, आणि मी तासभर फायरवॉलला शिव्या देत होतो. आता टेम्प्लेट युनिटची, म्हणजे चौघांच्या सामायिक साच्याची, एकच फाइल आहे, नाव तिथूनच येतं.

खरा त्रास पुढे होता. आमच्या जुन्या स्क्रिप्ट ॲपियमचा (फोनवरच्या ॲपची टेस्ट चालवणारं साधन) पोर्ट ४७२३ अधिक एक्झिक्युटर नंबर असा काढायच्या. एका एजंटवर चार एक्झिक्युटर असताना हे नंबर ० ते ३ येतात, सगळं गोडीगुलाबीनं चालतं. चार एजंटवर एकेक एक्झिक्युटर ठेवला की चौघांचाही नंबर शून्य! चौघंही ४७२३ वर तुटून पडले. आता प्रत्येक एजंटला पोर्टचा पाया हातानं ठरवून दिलाय.

एडीबीनं, म्हणजे यूएसबीनं जोडलेल्या अँड्रॉइड फोनशी बोलणाऱ्या साधनानं, तर रडवलं. त्याचा सर्व्हर ५०३७ वर बसतो आणि अख्ख्या मशिनला तोच एक. एका जॉबच्या सुरुवातीला कुणीतरी 'सवय म्हणून' किल-सर्व्हर, म्हणजे तो सर्व्हर बंद करायची कमांड, लिहून ठेवलं होतं. तो जॉब सुरू झाला की शेजारच्या प्रोजेक्टची टेस्ट मध्येच मरायची. अहवालात फक्त 'डिव्हाइस सापडलं नाही'. दोन आठवडे आम्ही यूएसबी केबली बदलत बसलो. वेगळे लिनक्स यूजर असूनही इथे उपयोग शून्य. प्रत्येकाला वेगळा एडीबी सर्व्हर देऊन पाहिला, तर तेच फोन पकडण्यासाठी त्यांची आपसात ओढाताण. शेवटी सर्व्हर एकच ठेवला, किल-सर्व्हर सगळीकडून उपटून टाकलं आणि प्रत्येक एजंटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (सेटिंगमध्ये) त्याच्या फोनचा सिरीयल नंबर घातला.

वेगळ्या यूजरचा फायदा ब्राउझरला मात्र भरपूर झाला. जॉब संपताना सगळे क्रोम मारणारी ओळ आता फक्त स्वतःचेच मारते, दुसऱ्याच्या प्रोसेसला हात लावायची परवानगीच नाही.

रॅम एजंट स्वतः फार खात नाहीत, क्रोम खातो. प्रत्येक सर्व्हिसला १४ जीबीची मर्यादा घातल्यापासून एकाची खादाडी दुसऱ्याच्या ताटापर्यंत जात नाही.

आता पाचवा प्रोजेक्ट मागे लागलाय. एजंट दहा मिनिटांत उभा करीन. आधी मशिनमागे वाकून यूएसबी पोर्ट मोकळा आहे का ते बघतो.