तुळशीबागेतली मांजरपाटाची पिशवी

२०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा तुळशीबागेतून ही जाडजूड पिशवी घेतली. अजून वापरात आहे. तळाला पाच किलो कांदे, वर नारळ, कडेला मेथीची जुडी. तरी बंद उसवले नाहीत. एकदाच बुडाची शिवण सुटली आणि मंडईभर लिंबं घरंगळली. भाजीवाल्या मावशींनीच वेचून दिली. घरी येऊन दुहेरी टीप मारली. पहिल्या धुण्यात आटते, म्हणून घेताना मोठीच घ्या. आमच्या दारामागच्या खुंटीवर एका पिशवीच्या पोटात सात पिशव्या लटकलेल्या असतात, पण बाजाराला निघताना आई हीच शोधते. "अगं, माझी पिशवी कुठंय?" तिची नाही, माझी आहे! लपवून ठेवली तरी तिला सापडतेच.