८ स्पीडचे सांगून १० स्पीडचे बार-एंड शिफ्टर गळ्यात मारले, सेकंडहँड घेणाऱ्यांनी वाचाच

जुन्या सायकलला सेकंडहँड बार-एंड शिफ्टर (ड्रॉप हँडलच्या टोकाला बसणारी गिअरची लिव्हर) लावायचा विचार कोणी करत असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे पूर्ण वाचा. माझे साडेपाच हजार अडकलेत, आणि ज्याने घेतले तो माणूस अजून बिनधास्त सायकलचे पार्ट विकतोय, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

मी रत्नागिरीचा. सायकल जुनी आहे, स्टीलची फ्रेम, खाली वळलेलं ड्रॉप हँडल, मागे ८ ची कॅसेट (चाकावरच्या ८ दातेरी चकत्यांचा संच), शिमानोचा जुना रोड डेरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग). एवढी वर्षं त्यावर ब्रेक लिव्हरमध्येच गिअर असलेले शिफ्टर होते. इकडची हवा तुम्हाला माहितीय, चार महिने पाऊस आणि बारा महिने खारं वारं, आतलं ग्रीस घट्ट होऊन बसतं आणि मग लिव्हर नुसती हलते, गिअर काही पडत नाही. उजवा शिफ्टर शेवटी गेलाच. तसलाच नवा घेण्यापेक्षा बार-एंड लावू असं ठरवलं, कारण त्यात बिघडण्यासारखं फार नसतं, लांबच्या राइडला वाटेत कुठे काही झालंच तर इंडेक्स (एका क्लिकला एक गिअर) सोडून फ्रिक्शनवर (क्लिक नाही, हाताच्या अंदाजाने लिव्हर सरकवायची) टाकून घरी येता येतं. हा निर्णय मला आजही बरोबरच वाटतो, प्रॉब्लेम वस्तूचा नाहीच, विकणाऱ्याचा आहे.

ग्रुपवर एकाने फोटो टाकले होते, 'शिमानो बार-एंड, बीएस-६४, ८ स्पीड, मिंट कंडिशन'. बीएस-६४ म्हणजे ८ चाच, ९ चा बीएस-७७, १० चा बीएस-७८, हे मला माहीत होतं आणि मी त्याला स्पष्ट विचारलं की ८ चाच आहे ना, माझी कॅसेट ८ ची आहे. उत्तर आलं, "१००% भाऊ, माझ्या स्वतःच्या ८ स्पीडवरून काढलाय, व्हिडिओ पाठवतो." व्हिडिओ आला. सायकल स्टँडवर, मागे खरंच ८ चकत्या, आणि लिव्हर खाली-वर केली की चेन एकेक चकती चढत-उतरत होती, अगदी लोण्यासारखी. मागे मोठ्याने गाणं लावलेलं. मॉडेल नंबरचा क्लोजअप मागितला तर म्हणाला वापरून पुसट झालाय. यूपीआयने पैसे गेले, एसटीच्या पार्सलने डबा आला.

डावा शिफ्टर लगेच बसला आणि मस्त चालला. चालणारच, डावा मुळात फ्रिक्शनचा असतो, त्याला क्लिकच नाहीत, तो पुढच्या कुठल्याही डेरेलरला चालतो. खेळ सगळा उजव्यात होता. आमच्या मिस्त्रीकाकांनी नवी केबल टाकली, तिच्यावर गिअरचीच हाउसिंग (केबलची बाहेरची नळी) टाकली (ब्रेकची वळ्यावळ्यांची हाउसिंग इंडेक्सला कधी लावू नका, ती दबते), बॅरल अॅडजस्टरने (केबलचा ताण कमी-जास्त करायच्या स्क्रूने) पहिला क्लिक जमवला. पहिला पडला. दुसऱ्याला खरखर. तिसऱ्याला चेन चढेचना, आणि तिसरा जमवला की पहिला बिघडायचा. काकांनी हँगर (डेरेलर जिथे फ्रेमला बसतो तो तुकडा) वाकलाय का बघितलं, सरळ होता. आरे-वारेच्या चढाला घेऊन गेलो तर जोर लावल्यावर चेन आपोआप खालच्या चकतीवर उडी मारायला लागली, ट्रक मागे असताना असं झालं की काय होतं ते चालवणाऱ्यालाच कळेल.

परत आल्यावर काका लिव्हर कानाशी धरून हळूहळू ओढत बसले आणि म्हणाले, "अरे हे ८ चं नाहीच आहे. मोज तू." क्लिक मोजले. ८ चकत्यांना ७ व्हायला हवेत, ९ झाले.

मग मी केबलवर सेलोटेपचा बारीक तुकडा लावून पट्टीने मोजलं. ८ च्या शिफ्टरला एका क्लिकला केबल साधारण २.८ मिमी ओढली जाते, ९ ला २.५, १० ला २.३. माझी २.३ च्या आसपास येत होती. ८ च्या कॅसेटमध्ये शेजारच्या दोन चकत्यांमधलं अंतर ४.८ मिमी, १० च्या ३.९५. म्हणजे प्रत्येक क्लिकला डेरेलर ०.८५ मिमी कमी सरकतो, तिसऱ्या क्लिकपर्यंत अडीच मिमी मागे पडतो, अर्ध्याहून जास्त अंतर गेलं की, मग तो कसा जुळणार? कितीही अॅडजस्ट करा.

आता फसवणूक नीट समजून घ्या, कारण ती विचार करून केलेली आहे. एकतर लिव्हरची पूर्ण फेरी बघून काही कळत नाही. ८ च्या ७ क्लिकमध्ये एकूण १९.६ मिमी केबल ओढली जाते, १० च्या ९ क्लिकमध्ये २०.७, जेमतेम १ मिमीचा फरक, डोळ्याला दिसतच नाही. दुसरं, या जुन्या बार-एंडचा उजवा शिफ्टर फ्रिक्शनवर टाकता येतो आणि फ्रिक्शनवर टाकला की क्लिक बंद, मग ८ काय, ९ काय, कुठल्याही कॅसेटवर तो हाताच्या अंदाजाने चालतो. व्हिडिओतली चेन म्हणून लोण्यासारखी सरकत होती. आणि गाणं कशाला लावलेलं ते आता वेगळं सांगायला नको. नंबरच्या जागी काळा रंग होता, नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसला तर खाली पॉलिशपेपरचे आडवे ओरखडे. वापरून पुसट झालेला नंबर असा दिसत नाही हो.

फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला तुमचा डेरेलर जुना आहे, तो बदला. खोटं. शिमानोच्या जुन्या ८, ९, १० च्या रोड डेरेलरचं ओढीचं प्रमाण (केबल किती ओढली की डेरेलर किती सरकतो) एकच आहे, एक अपवाद म्हणजे जुनी ड्युरा-एस ७४०० ची मालिका, १९८४ च्या सुमाराला इंडेक्स शिफ्टिंग जिच्यातून आलं ती, तिचं प्रमाण वेगळं, आणि माझा डेरेलर तो नाही. मग म्हणाला १० ची कॅसेट घ्या, पण ती तुमच्या हबवर बसणार नाही, माझ्याकडे अख्खं चाक आहे, ८ हजारात देतो. हे तर त्याहून खोटं. शिमानोच्या ८/९ च्या फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्यावर) १० ची कॅसेट १ मिमीचा स्पेसर टाकून बसते, रुंद बॉडी लागते ती ११ च्या रोड कॅसेटला. मला इथे खात्री झाली की आधी चुकीचा शिफ्टर विकायचा आणि मग त्याच्यामागे डेरेलर, कॅसेट, चाक सगळं विकायचं असाच याचा धंदा आहे. पैसे परत मागितले तसं ब्लॉक केलं.

घेणाऱ्यांनी एवढं मागाच: आवाजासकट व्हिडिओ, गाणं-बिणं नको, लिव्हर हातात धरून हळूहळू ओढायची आणि प्रत्येक क्लिक ऐकू आला पाहिजे. नंबरचा स्वच्छ फोटो. नंबर नाही म्हणाला तर व्यवहार नाही, कितीही स्वस्त असू दे. सनटूरचे जुने रॅचेटवाले फ्रिक्शन बार-एंड मिळाले तर ही भानगडच नाही, ते कशालाही चालतात. नवा घ्यायची ऐपत असेल तर मायक्रोशिफ्टचे ८ चे बार-एंड निघालेत, तेही बघा. आणि शिमानोच्या टिआग्रा मालिकेबद्दल 'टिआग्रा पण १० चीच आहे, चालेल' असं कोणी सांगितलं तर मॉडेल विचारा, ४७०० ची ओढ जुन्या १० शी जुळत नाही. एमटीबीचा (माउंटन बाइकचा) १० चा डेरेलर तर रोडच्या शिफ्टरला अजिबात नाही, ९ पर्यंतचा चालतो.

मी १९३० वर (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर) फोन करून तक्रार नोंदवलीय, चॅट, व्हिडिओ, यूपीआयची पावती आणि खरवडलेल्या नंबरचे फोटो सगळं जोडलंय. सध्या शिफ्टर फ्रिक्शनवर टाकून चालवतोय, काम होतंय, पण पैसे मी इंडेक्सचे दिलेत आणि ते मला परत हवेत. नंबरच्या जागी काळा रंग मारलेला बार-एंड आणखी कोणाच्या घरी आला असेल तर मला मेसेज करा, दोन-तीन जणांच्या तक्रारी एकाच यूपीआय आयडीवर गेल्या तर पोलिसांनाही हलावं लागेल.