मेडिकल चौकाजवळची दहा रुपयाची शिवभोजन थाळी: जेवण ठीकठाक, पण रांगेत उभं राहून बघा

दहा रुपयात आजच्या तारखेला नागपुरात काय भेटते सांगा. टपरीवरचा कट चहा, तोही काही ठिकाणी बारा झाला. तर्री पोह्याची प्लेट पंचवीस-तीसच्या खाली नाही. अशात कोणी दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात समोर ठेवत असेल तर नावं ठेवताना जीभ जड होते, पण रिव्ह्यू म्हटला की रिव्ह्यू, सगळंच लिहितो. माझं काम मेडिकल दुकानांना माल पोचवायचं, दुपारी याच भागात, मेडिकल म्हणजे सरकारी मोठ्या दवाखान्याजवळ असतो, त्यामुळे इथे जेवणं होत राहते. केंद्राचं नाव टाकत नाही, गर्दी आधीच भरपूर आहे.

तर जेवण. वरण पातळ, पण फोडणी खमंग आणि वरून सांबार (म्हणजे कोथिंबीर) टाकलेला. भाजी बहुतेक दिवस आलू-वांगं नाहीतर पत्ताकोबी, तेल कमी, तिखट बरोबर. भात मोकळा आणि गरम. पोळी मात्र लहान. मापच तसं ठरलंय, 30 ग्रॅमच्या दोन पोळ्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण, 150 ग्रॅम भात. माझ्यासारख्या गाडीवर फिरणाऱ्याचं भागते, पण कॉटन मार्केटला सकाळी चारपासून पोती उचलून आलेल्या माणसाचं काय होणार त्यात, दोन घासात पोळ्या संपतात आणि तो भातावर वरण मागत बसतो. वाढणाऱ्या काकू वरण देतात, पोळी नाही देत. त्यांचाही इलाज नाही. शहरात एका थाळीचा हिशोब 50 रुपयाचा धरलाय, दहा आपले आणि 40 सरकारचे, आणि ते 40 कधी येतील ते काकूंनाच माहीत. किराणावाला उधार देते तोवर चूल पेटते असं त्या हसत हसत सांगतात.

जेवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढतात, ॲपमध्ये नाव-नंबर टाकतात. खोट्या थाळ्या दाखवून कोणी अनुदान खाऊ नये म्हणून आहे ते, मान्य, पण माझ्यापुढे एक म्हातारी आई होती, फोटो म्हटल्याबरोबर तिने पदर डोक्यावर घेतला, केस सारखे केले आणि ताठ उभी राहिली, जसा काही लग्नातला फोटो आहे. आणि तिच्या मागचा पोरगा, चांगले कपडे घातलेला, मान खाली घालून उभा, फोटोत चेहरा येऊ नये असा. दोघांनाही भूक सारखीच लागली होती.

आता मुद्द्याचं. आमच्या कॉलनीत एक काका आहेत, त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, फुकट खाऊ घालून लोकांना आळशी करून ठेवलं, म्हणून हा देश गरीब. त्यांना मी म्हटलं काका एक दिवस चला माझ्यासोबत, ते काही आले नाही. आले असते तर दिसलं असतं की या रांगेत आळशी माणूस शोधून सापडत नाही. सेंट्रिंगचे मजूर, ई-रिक्षावाले, झाडूवाल्या बाया आणि निम्म्याहून जास्त पेशंटचे नातेवाईक. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, तिकडून मध्य प्रदेशातलं बालाघाट-छिंदवाडा, सगळे नागपूरलाच येतात ना इलाजाला.

आणि गप्पा मारल्या की सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने तीच निघते. भंडाऱ्याकडचे एक भाऊ ताटावर बसल्या बसल्या सांगत होते, "दोन एकर होती जी, बाबाच्या किडनीपायी एक गेली, आता दुसरीवर कर्ज हाय." कोरडवाहू धान, एक पाणी चुकलं की वर्ष गेलं. तिकडच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 मध्ये झालं, तेव्हा खर्च 372 कोटी धरला होता, तो पुढे कित्येक पटीने वाढला आणि कालव्यांची कामं अजून चालूच आहेत, म्हणजे या भाऊच्या जन्माच्या आसपास निघालेलं पाणी अजून वावरात पोचायचं आहे. जवळ साठवलेलं काही नाही, पिकाचा भरोसा नाही, त्यात घरात एक मोठं आजारपण निघालं की खेळ खलास. लोक गरीब का राहतात याची मोठमोठी कारणं सांगतात, लोकसंख्या, शिक्षण, भ्रष्टाचार, ते सगळं आहेच, पण या टेबलावर बसलं की दिसते की बरेच लोक जन्मापासून इतके खाली नव्हते, ते दवाखान्याच्या पायऱ्यांवरून घसरलेत.

कोणी म्हणेल आता तर इलाज फुकट आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत 5 लाखापर्यंतचं कव्हर झालंय. झालंय, आणि त्याने फरकही पडलाय. देशात आरोग्यावर जेवढा खर्च होते त्यातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39 टक्क्यांवर आला. लहान गोष्ट नाही ही. पण ऑपरेशन फुकट झालं तरी पेशंटची रोजी बुडते, सोबत राहणाऱ्याची बुडते, चार-पाचशे रुपये एकाचे धरा, पंधरा दिवसाचे दोघांचे किती झाले ते तुम्हीच मोजा. वरून गाडीभाडं (बायांना एसटीत 2023 पासून अर्धं तिकीट आहे म्हणून पेशंटसोबत मुद्दाम बाईलाच पाठवतात, हेही इथेच कळलं), बाहेरून आणायच्या गोळ्या, गावाकडे म्हशीला पाहायला ठेवलेल्या माणसाचे पैसे. हे कोणत्याच योजनेच्या कागदावर नाही. इथे ही थाळी कामाला येते बघा. बाहेर साध्या खानावळीत ऐंशी-शंभर लागतात, दोघांचे दोनशे, इथे वीस. रोजचे दीडशे-पावणेदोनशे वाचतात, आणि तेवढेच पैसे नाहीतर गावातल्या सावकाराकडून महिन्याला शेकडा पाच-दहा टक्क्याने येतात. या थाळीने कोणाची गरिबी गेली असं मी म्हणणार नाही, बिलकुल नाही, पण घसरणारा माणूस एक पायरी वर अटकते.

ज्या देशांनी हे दुखणं नीट पकडलं त्यातल्या कोणी इलाजाच्या बाजूने पकडलं, कोणी थेट घरात पैसे देऊन. थायलंड काही अमेरिका नव्हता, तरी तिथे 2001 मध्ये 30 बातमध्ये (बात म्हणजे तिथला रुपया समजा) इलाज सुरू केला, वर्षभरात देशभर नेला, दवाखान्यात जा, 30 बात द्या, बाकी सरकार बघते. ब्राझीलने 2003 पासून गरीब घरांना दर महिन्याला पैसे दिले, बहुतेक आईच्या हातात, अट एवढीच की पोरं शाळेत जावीत आणि लसी टोचाव्यात, 2014 मध्ये तो देश संयुक्त राष्ट्रांच्या भुकेच्या नकाशातून बाहेर निघाला. आळशी झाले म्हणून तिथली दुकानं बंद पडल्याचं काही ऐकलं नाही, आमच्या काकांनी ऐकलं असेल तर माहीत नाही. आणि आपल्याकडे तरी काय, 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रानेच लोकांना हक्काचं काम द्यायला सुरुवात केली, रोजगार हमीचा कायदा केला, तेच पुढे 2005 मध्ये देशाने घेतलं. म्हणजे डोकं आपल्याकडे आहे, सातत्य नाही.

परत थाळीवर येतो. माझी खरी तक्रार टायमिंगची. दुपारचे दोन-तीन तास केंद्र चालते, ठरलेल्या थाळ्या संपल्या की शटर खाली. पेशंटसोबत राहणारी बाई डॉक्टरांचा राउंड, रिपोर्टची रांग करून अडीच वाजता पोचते तेव्हा भांडी घासणं चालू असते. आणि रात्रीचं काय? रात्री तिला भूक लागत नाही का? तामिळनाडूत 2013 ला अम्मा कॅन्टीन निघाली त्यात सकाळची एक रुपयाची इडलीही होती, बंगळुरूच्या इंदिरा कॅन्टीनमध्ये तिन्ही वेळा भेटते, नाश्ता 5 आणि जेवण 10 ने सुरुवात केली होती त्यांनी. आपल्याकडे निदान दवाखान्यांजवळच्या केंद्रांवर तरी संध्याकाळची थाळी काढा, तिथे दीडशे माणसं रोज हमखास येतील. सध्या रात्री बरेच जण बिस्किटाचा पुडा आणि चहावर काढतात, किंवा कोणी सेवाभावी मंडळी खिचडी घेऊन आली तर ती.

बाकी, बसायला बाक कमी आहेत, उन्हाळ्यात वरचा पत्रा तापते, कूलर लावलाय पण त्यात पाणी कोणी टाकत नाही. हात धुवायच्या नळाला धार बारीक. ताटं मात्र स्वच्छ, हे मनापासून सांगतो, आणि काकू कोणालाही तुसड्यासारखं बोलत नाहीत, फाटके कपडे असो की इस्त्रीचे. चवीला 3, स्वच्छतेला 4, वागणुकीला पूर्ण 5, वेळेला 1.

जाणार असाल तर साडेबाराच्या आत जा आणि सुटे दहा घेऊन जा, पाचशेची नोट दाखवली की काकू चिडतात. आणि ऑफिसातून गाडी काढून फक्त ट्राय करायला येणार असाल तर दोन वाजता या, उरलं तर जेवा.