ऑनलाइन जर्मन आणि जोडीला वर्गातले तास, वर्षभराचा अनुभव

लेक नववीत आहे, शाळेत जर्मनच्या मॅडम आठवड्यातून दोनच दिवस येतात म्हणून शाळेने एक ऑनलाइन कोर्स जोडून घेतला, व्हिडिओ आणि सराव घरी करायचा आणि दोन तास वर्गात मॅडमसोबत. वर्ष झालं, आता लिहिते.

आधी चांगलं. शब्दांचा सराव खरंच मस्त आहे, चुकलेला शब्द लगेच दुसऱ्या दिवशी परत येतो, बरोबर आलेला चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. माणूस किती वेगाने विसरतो हे एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच लिहून ठेवलंय (तोही जर्मनच), त्याच तत्त्वावर हे चालतं. वर्गात तीस पोरांची अशी उजळणी एकेकट्याने घेणं कुठल्याच टीचरला जमणार नाही, त्यामुळे इथे पूर्ण मार्क.

पण उच्चाराचं मात्र अवघड आहे. माइकमध्ये काहीही बोललं तरी हिरवी खूण येते. 'शोन' म्हणजे आधीच आणि 'श्योन' म्हणजे सुंदर, लिहिताना फरक फक्त o या अक्षरावरच्या दोन टिंबांचा, आणि लेक तीन महिने दोन्ही एकसारखंच बोलत होती तरी अ‍ॅप पास करत होतं!! मॅडमनी पहिल्यांदा एकेकाला वाचायला लावलं तेव्हा कळलं. मग त्यांनी सांगितलं की ओठ 'ओ' म्हणताना करतो तसे गोल ठेवा आणि आतून 'ए' म्हणा, दहा मिनिटांत जमलं तिला.

दुसरं म्हणजे व्याकरण सगळं इंग्रजीतून समजावलंय आणि माझ्या मते आपल्या मुलांचं नुकसान तिथेच होतं. डेअर, डी, दास (नामाआधी येऊन त्याचं लिंग दाखवणारे शब्द) म्हटलं की इंग्रजीवाल्याला नवल वाटतं, आपल्याकडे तो चमचा, ती सुरी, ते ताट आहेच की. जर्मनमध्ये चमचा डेअर, काटा डी आणि सुरी दास, म्हणजे लिंग वेगळं असेल पण तीन लिंगं असतात आणि ती शब्दासोबतच लक्षात ठेवायची ही गोष्ट मराठी मुलाला नवीन नाही. तसंच 'वाइल इश क्रांक बिन', कारण मी आजारी आहे, यात क्रियापद शेवटी जातं. अ‍ॅपमध्ये यावर अख्खा व्हिडिओ आहे, तो बघून लेक जास्तच गोंधळली होती, मॅडमनी फळ्यावर खाली मराठी वाक्य लिहिलं आणि सगळ्या वर्गाला दिसलं की 'वाइल'नंतरचे शब्द जसेच्या तसे मराठीच्या क्रमाने आलेत. मला तर ऐकून इतका आनंद झाला!

ज्यांना फिट इन डॉइच या मुलांसाठीच्या जर्मन परीक्षेची ए१, म्हणजे पहिली पातळी, द्यायची आहे त्यांनी हेही बघा, त्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात आणि बोलण्याची परीक्षा ग्रुपमध्ये होते, कार्डावरचा शब्द घेऊन समोरच्याला प्रश्न विचारायचा, त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. हा सराव अ‍ॅपमध्ये अजिबात नाही, तो वर्गातच होतो.

तक्रार एकच मोठी आहे. वर्ग पाचव्या धड्यावर आणि अ‍ॅप आठव्यावर असं दिवाळीनंतर सुरू झालं, कारण अ‍ॅप थांबतच नाही, आणि रिपोर्टमध्ये पालकांना फक्त किती मिनिटं केली ते दिसतं, काय येत नाही ते दिसत नाही. शेवटी मॅडमनीच पुढचे धडे बंद करून घेतले. तुमच्या शाळेत असा कोर्स येत असेल तर धडे लॉक करायची सोय टीचरच्या हातात आहे का हे आधी विचारा, आणि वर्गातले तास कमी करू असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा.

दहावीसाठी आम्ही परत घेतोय. हो आणि फोनवर जर्मन कीबोर्ड पहिल्याच दिवशी चालू करून द्या, अ‍ॅप टिंबं माफ करतं, पेपर तपासणारे नाही करणार.