कुवेतचा सरकारी दवाखाना: पाच दिनारांची खिडकी आणि इतर अनुभव

यंदा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रिन्यू करताना सरकारी आरोग्य विम्याच्या ओळीत ५० च्या जागी १०० दिनार दिसले, तेव्हाच ठरवलं की इथल्या सरकारी दवाखान्यांबद्दल एकदा बैजवार लिहायचं. डिसेंबर २०२५ पासून माणशी वर्षाला १००. माझे कंपनी भरते. बायको आणि दोन मुलांचे ३०० माझ्या खिशातून. घरात अजून कुणी शिंकलंसुद्धा नाही आणि ऐंशी हजारांच्या वर रुपये गेले.

गेल्या वर्षापर्यंत माझा या खात्याशी काही संबंध नव्हता. जुन्या कंपनीचं खासगी मेडिकल, म्हणजे आरोग्य विमा, होतं, कार्ड दाखवलं की काम झालं. नवी नोकरी लागली, पगार वाढला, मेडिकल गेलं. घरी सांगताना मी फक्त पगार वाढला एवढंच सांगितलं होतं. तेव्हापासून आम्ही चौघंही सरकारी.

पद्धत इथल्या लोकांना माहीत आहेच. सिव्हिल आयडीवर, म्हणजे इथल्या ओळखपत्राच्या कार्डावर, जो एरिया, त्याच एरियाचं क्लिनिक. तिथे फाइल, डॉक्टरला दाखवायचे २ दिनार. तिथून चिठ्ठी मिळाली तर मोठ्या हॉस्पिटलची ओपीडी, तिचे १०. हे दर ऑक्टोबर २०१७ चे. त्याआधी क्लिनिकला १ आणि ओपीडीला २ होते, असं जुनी मंडळी अजून हळहळत सांगतात.

पहिला झटका पत्त्यावरून बसला. आम्ही घर बदललं होतं, कार्डावर मात्र जुना एरिया. धाकट्याला ताप, खांद्यावर मान टाकलेली. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड मशीनमध्ये घातलं, स्क्रीनकडे बघितलं, कार्ड परत सरकवलं. "नॉट हियर." मी म्हटलं, घर समोरच्या गल्लीत आहे, हवं तर खिडकीतून दाखवतो. त्यांनी माझ्या मागच्या माणसाकडे हात केला. संपला विषय. त्या रात्री खासगीत गेलो आणि जे बिल झालं त्यात सरकारी क्लिनिकच्या कितीतरी फेऱ्या बसल्या असत्या. तेव्हा घर बदललं की सामान लावायच्या आधी पत्ता बदला. पासीवाले (सिव्हिल आयडी देणारं सरकारी खातं) तसेही मागे लागलेत, जुना पत्ता ठेवला तर १०० दिनारांपर्यंत दंड आहे. सरकारच्या सहेल अ‍ॅपवरून होतं, पण भाडेकरार आणि घरमालक दोन्ही हाताशी हवेत. आमचा हारिस (इमारतीचा रखवालदार) घरमालकाला फोन लावायला दोन आठवडे "बुकरा, बुकरा" (उद्या, उद्या) करत होता.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. माझं भांडण आहे ते औषधांच्या खिडकीशी.

डिसेंबर २०२२ पासून परदेशी माणसाला क्लिनिकमधल्या औषधांचे ५ दिनार आणि हॉस्पिटलच्या ओपीडीतल्या औषधांचे १० द्यावे लागतात, डॉक्टरच्या फीशिवाय वेगळे. आणि ही रक्कम सरसकट आहे. पिशवीत काय आहे याच्याशी तिचा काही संबंध नाही. एक पॅनाडॉलची, म्हणजे पॅरासिटामॉलची, पट्टी घ्या नाहीतर गोळ्यांचा ढीग घ्या, ५ म्हणजे ५. आता हिशोब करा. मुलाला सर्दी झाली. डॉक्टर २, औषध ५, झाले ७. पिशवीत पॅनाडॉलचं सिरप आणि नाकात घालायचे थेंब. हेच खालच्या फार्मसीत दोन-अडीच दिनारांत, तेही पार्किंग न शोधता. पहिल्यांदा त्या खिडकीशी मी अक्षरशः पिशवी उघडून बघितली, अजून काही खाली राहिलंय का म्हणून. आतल्या फार्मासिस्टने माझ्याकडे असं बघितलं की रोज असे दहा येत असावेत.

मग आमच्या घरी नियम झाला. डॉक्टरला २ दिनारांत दाखवायचं, औषधं वाचून घ्यायची, खिडकीकडे न बघता बाहेर पडायचं आणि नाक्यावर घ्यायची. बायकोला हे बरोबर वाटत नाही. तिचं म्हणणं, ५ दिनारांसाठी एवढं डोकं लावतोस तेवढं ऑफिसात लावलं असतंस तर मेडिकल तरी मिळालं असतं. असो.

औषधांचा अपव्यय थांबवायला ही फी आणली, असं तेव्हा सांगितलं गेलं. कारण खोटं नसेल. फुकट मिळतंय म्हणून अँटिबायोटिक्सची पोतडी सुट्टीत गावी नेणारे आपल्यातलेही मला माहीत आहेत. पण अब्बासियासारख्या कामगार वस्तीतल्या खोलीत आठ जण मिळून राहणारा, महिना शंभरभर दिनारांवर काम करणारा माणूस सर्दी-तापाला ७ दिनार मोजणार नाही. तो अंगावर काढेल, किंवा कुणाच्या तरी बॅगेतून आलेली क्रोसिन खाईल. क्लिनिकमधल्या रांगा आखूड दिसतात त्या सगळे बरे झालेत म्हणून नाही.

आता उलटी बाजू, कारण तीही माझ्याच वाट्याला आली. मला शुगर आहे. जुन्या मेडिकलमध्ये गोळ्यांचा हिशोब कधी केलाच नव्हता. ते गेल्यावर पहिल्या महिन्यात बाहेरून घेतल्या आणि बिल बघून दुकानातच दुसऱ्यांदा शुगर तपासावीशी वाटली. मग एका मल्याळी सिस्टरने सांगितलं, क्लिनिकमध्येच डायबेटिसची वेगळी ओपीडी असते, तिथे फाइल काढा. काढली. रक्त तिथेच घेतलं, डोळे बघायला पाठवलं, इजिप्तच्या डॉक्टरांनी तळपाय हातात घेऊन नीट तपासले (खासगीत इतक्या वर्षांत एकानेही मोजे काढायला सांगितले नव्हते), आणि दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. पिशवी जड. ५ दिनार. तीच खिडकी, तोच फार्मासिस्ट. या वेळी मी पिशवी उघडून बघितली ती खूश होऊन.

म्हणजे सरसकट फीचा अर्थ असा, की जेवढे जास्त आजारी तेवढा सौदा स्वस्त. किरकोळ दुखण्याला लुटल्यासारखं वाटतं, जन्माच्या दुखण्याला लॉटरी. ज्यांना बीपी, शुगर, थायरॉइड असं काही कायमचं आहे आणि जे अजून बाहेरून औषधं घेत बसलेत, त्यांनी उद्याच फाइल काढावी. ज्यांना फक्त खोकला आहे त्यांनी आलं-मध घ्यावं.

जाता जाता नव्या इमारतींबद्दल. साऊथ सुर्रातून गेलं की जाबेर अल-अहमद हॉस्पिटल दिसतंच. ११६८ खाटा, नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालं, आणि बांधलं ते कुवेती नागरिकांसाठी. आपण बाहेरून बघायचं. अपवाद फक्त कोविडचा. २०२० मध्ये तेच कोविडचं मुख्य हॉस्पिटल झालं, आणि आपले कितीतरी कामगार त्या चकाचक वॉर्डांत झोपून आले. माझा एक शेजारी अजून तिथल्या जेवणाचं कौतुक करतो, आजाराचं काही आठवत नाही त्याला. जहराचं नवं हॉस्पिटलही १२३४ खाटांचं. खाटांना काही तोटा नाही या देशात. परदेशी लोकांसाठी वेगळी सोय म्हणून 'धमान' नावाची कंपनी २०१४ मध्ये काढली, अहमदी आणि जहरा इथे तिची हॉस्पिटलं. विचार असा, की आपण सगळे हळूहळू तिकडे जायचं आणि सरकारी हॉस्पिटलं नागरिकांना मोकळी करायची. देशात साठ-सत्तर टक्के लोक बाहेरचे, त्यांना वेगळ्या दारातून आत घ्यायचं. पैसा कुवेतींचा, जमीन त्यांची, तक्रार तरी कुणाकडे करणार? पण गंमत बघा, निवृत्त कुवेतींना २०१६ पासून काही वर्षं सरकारने 'आफिया' नावाचा विमा दिला आणि ती मंडळी खासगी हॉस्पिटलांत गर्दी करायला लागली. थोडक्यात, प्रत्येकाला दुसऱ्याच्या दारात उभं राहायचंय.

इतपत लिहून ठेवलं होतं. टाकणार तेवढ्यात खडा आला.

म्हणजे मुतखडा. इथे पाणी कमी पिणाऱ्या बऱ्याच लोकांना कधी ना कधी येतो, उन्हाळ्यात तर साथच असते. रात्री दोनला पाठीत असं काही सुरू झालं की उभं राहता येईना, बसता येईना. बायकोने खासगीचं नाव काढलं. मी त्या अवस्थेतही म्हटलं, सरकारी. (पुढे महिनाभर हे वाक्य मला ऐकवलं जाणार आहे.) इमर्जन्सीत मनाशी वाद घालायची तयारी करून गेलो होतो. पत्ता, फाइल, कार्ड, काय काय विचारतील म्हणून. कुणी काही विचारलं नाही. एका सिस्टरने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, खुर्ची ओढली, "चेट्टा, सिट" (चेट्टा म्हणजे मल्याळीत दादा) म्हणाली आणि सलाइन लावूनच पुढचं बोलली. दुखणं थांबवायचं इंजेक्शन, लघवीची तपासणी, पहाटे सोनोग्राफी. सोनोग्राफीवाला डॉक्टर स्क्रीन माझ्याकडे वळवून खडा दाखवत होता. चार मिलिमीटर. मला वाटलं होतं निदान लिंबाएवढा असेल.

तेव्हा वरचं सगळं वाचताना एवढी दुरुस्ती करून वाचा: रात्रीच्या इमर्जन्सीला माझ्याकडून दहापैकी नऊ. खासगीत अशा रात्रीचं बिल तीन आकडी झालं असतं याची मला खात्री आहे, आणि तिथे आधी कार्ड स्वाइप, मग सलाइन. एक गुण कापला तो अर्थातच औषधांच्या खिडकीसाठी. पहाटे साडेपाचला वेदनेच्या गोळ्यांचं एक पाकीट आणि पाण्यात घालून प्यायच्या पुड्यांचा एक डबा. ५ दिनार. पाठ धरून उभा होतो तरी मनात बेरीज चालूच होती, बाहेर साडेतीनमध्ये बसलं असतं. पण बाहेरची फार्मसी बंद होती.

युरॉलॉजीच्या ओपीडीची चिठ्ठी मिळाली आहे. तारीख दोन महिन्यांनंतरची. डॉक्टर म्हणाले, एवढा खडा बहुतेक आपोआप पडतो, रोज तीन लिटर पाणी प्या. पितोय. त्या तारखेच्या आधी पडला तर ओपीडीचे १० आणि औषधांचे १०, असे २० दिनार वाचतील.