घाटात दम सोडणाऱ्या डिझेल फोर बाय फोरसाठी स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर: काय दाखवतो, कुठे थांबतो

गाडी घाटात ओढत नाही, पिकअपला अडखळते, अशी तक्रार घेऊन गॅरेजात गेलं की पहिला संशय बहुधा इंजेक्टरवर, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नोझलवर जातो. कॉमन रेलचे (सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या सामाईक नळीचे) चार इंजेक्टर उतरवायचे म्हणजे मोठा खर्च, आणि अनेकदा दोष भलतीकडेच निघतो. ‘ईएलएम ३२७’ नावाने हजाराच्या आत मिळणारा काडेपेटीएवढा ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारा स्कॅनर, इथे खरंच कामाचा आहे. फक्त एरर कोड वाचून तो काढून ठेवलात, तर मात्र त्याचा अर्धाही उपयोग झाला नाही.

आधी खरेदीचं. अडॅप्टरवर छापलेल्या ‘व्ही १.५’ किंवा ‘व्ही २.१’ या आकड्यांवर जाऊ नका. मूळ चिप बनवणाऱ्या कॅनडाच्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती. बाजारातले जवळपास सगळे नकलाच आहेत. तरीही १.५ म्हणून विकले जाणारे बरेच नग व्यवस्थित चालतात आणि २.१ वाल्यांपैकी पुष्कळ अर्धवट आज्ञा ओळखतात. म्हणून परत करायची मुदत संपायच्या आत गाडीला लावून ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’ अ‍ॅपमध्ये तीन गोष्टी बघा: रेल प्रेशर (रेलमधल्या डिझेलचा दाब) दिसतं का, मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा) दाब दिसतो का, आणि कोडसोबतची फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाचे आकडे) उघडते का. रेल प्रेशर दिसत नसेल तर आधी दुसऱ्या अ‍ॅपमध्ये बघा, तिथेही नसेल तर दुसरा अडॅप्टर लावून बघा. काही गाड्यांचा ईसीयूच (इंजिनचा संगणक) तो आकडा सर्वसाधारण ओबीडीवर देत नाही. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ नग चालत नाही, लो एनर्जीवाला किंवा वायफायचा घ्या.

पहिली तपासणी इंजिन बंद ठेवूनच होते, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ती फार सोपी आहे. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका आणि मॅपचा आकडा बघा. मालवण, देवगड, गुहागर अशा समुद्रसपाटीच्या गावी तो ९९ ते १०१ किलोपास्कल यायला हवा, कारण तेवढाच हवेचा दाब तिथे असतो. आंबोलीत सुमारे ६९० मीटरवर तोच ९३ च्या आसपास दिसेल. किनाऱ्यावर उभ्या गाडीत ८५ किंवा ११० दिसला तर टर्बोला (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंपाला) हात लावू नका. सेन्सर आणि त्याचा कनेक्टर बघा. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, त्या कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पुन्हा बघितल्यावर बऱ्याचदा आकडा जाग्यावर येतो.

मग इंजिन गरम करून आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) रेल प्रेशर. बहुतेक कॉमन रेल इंजिनांत ते २५० ते ३५० बारच्या दरम्यान असतं. अ‍ॅप ते किलोपास्कलमध्ये दाखवत असेल तर १०० ने भागा. आयडलला काटा सतत ४०-५० बार वरखाली होत असेल, तर डिझेलमध्ये हवा किंवा पाणी असल्याची शक्यता पहिली धरा.

खरी परीक्षा लोडवर. आंबा घाटाची साखरप्याकडची किंवा आंबोलीची दाणोलीकडची चढण घ्या. रस्ता मोकळा असताना तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ३००० पर्यंत जायचं. फोन शेजारच्याच्या हातात असावा आणि अ‍ॅपमधलं रेकॉर्डिंग चालू असावं. इथे एक गोष्ट सांभाळा: स्क्रीनवर चारच आकडे ठेवा, आरपीएम, मॅप, रेल प्रेशर आणि पेडलची स्थिती. हे अडॅप्टर एकेक आकडा क्रमाने विचारतात. दहा-बारा लावले की प्रत्येकाची पाळी उशिरा येते आणि अर्ध्या सेकंदाचा झटका आलेखात दिसतच नाही. मग अडॅप्टरला नावं ठेवली जातात.

महिंद्राच्या जुन्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) थारचं २४९८ सीसीचं इंजिन २४७ न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क १८०० ते २००० आरपीएमलाच देतं. म्हणजे जिथे गाडी सगळ्यात जोरात ओढायला हवी, तिथेच ती अडखळत असेल तर दोष आलेखात सापडायलाच हवा. पेडल शंभराच्या जवळ आहे, मॅप चढतोय, पण रेल प्रेशर वर जायच्या ऐवजी कोसळतं आणि धूर फारसा नाही: डिझेल पोचत नाही. कोड आलाच तर बहुधा पी००८७. रेल ठीक, पण मॅप ११०-१२० वरच अडकलेला आणि मागे काळा धूर: हवा पोचत नाही. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज फाटलेला, क्लॅम्प सैल, टर्बो अ‍ॅक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी उंदराने कुरतडलेली, किंवा ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) कार्बनने उघडा अडकलेला. इथे कोड पी०२९९. लक्षात ठेवा, मॅपचा आकडा वातावरणाच्या दाबासकट असतो; १०० दिसलं म्हणजे टर्बोचा दाब शून्य. दोन्ही आकडे चांगले आणि आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. पेडलचाच आकडा मध्येच खाली उडी मारत असेल तर पेडल सेन्सर किंवा त्याचं वायरिंग.

डिझेल पोचत नसेल तर कोकणात पहिली जागा फिल्टरखालचा वॉटर सेपरेटर. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी, पिंपातून भरलेलं डिझेल, दोन्हीतून पाणी येतं. इंजिन बंद करून ड्रेन प्लग सैल करा, १०० ते २०० मिली पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे. फिल्टर बदला, प्रायमर पंप कडक लागेपर्यंत हाताने मारा, मगच सेल्फ द्या. हवा ओढली जाते का हे बघायला फिल्टर आणि पंपाच्या मधल्या कमी दाबाच्या नळीच्या जागी डिझेलला चालणारी पारदर्शक नळी बसवा, बुडबुडे लगेच दिसतात. रेलच्या लोखंडी पाइपांचा नट मात्र चालू इंजिनवर कधीही सैल करू नका. तो दाब कातडीतून डिझेल आत घुसवतो आणि ती जखम हात गमावण्यापर्यंत जाते.

एप्रिल-मेमध्ये जांभ्याच्या धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी या सगळ्याआधी एअर फिल्टर काढून बघावा.

आता अडॅप्टर कुठे थांबतो ते. ईसीयूने किती रेल प्रेशर मागितलं, हे बऱ्याच गाड्यांत तो दाखवत नाही. फक्त मिळालेलं दाखवतो. हा उणेपणा मोठा आहे, कारण टर्बोचा दाब कमी पडला की ईसीयू स्वतःहून डिझेल कमी करतो आणि रेलचा आकडाही खाली राहतो. म्हणून दोन्ही आकडे एकदमच कमी दिसले तर आधी हवेची बाजू निस्तरा. इंजेक्टरचे कोड भरणं, अ‍ॅक्च्युएटर हलवून बघणं, २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत डीपीएफ या धुराच्या फिल्टरमधली काजळी मोजणं, हे कंपनीच्या किंवा चांगल्या पंपवाल्याच्या (डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याच्या) स्कॅनरचं काम. इंजेक्टरवर संशय उरलाच तर रिटर्न टेस्ट मागा: चारही रिटर्न नळ्या चार बाटल्यांत, इंजिन आयडलला. एक बाटली बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे लवकर भरली तर तोच इंजेक्टर उतरवायचा, चारही नाहीत. रेकॉर्ड केलेला आलेख पंपवाल्याला दाखवा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढल्याशिवाय कोणालाही कोड पुसू देऊ नका.

अडॅप्टर सॉकेटमध्ये कायमचा ठेवू नये. सोळाव्या पिनेवर बॅटरीचा करंट सतत असतो, उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते, आणि ओल्या फ्लोअरच्या गाडीत पिना काळ्या पडतात. तपासणी झाली की काढून कोरड्या डब्यात ठेवा.

२०१३ नंतरची बीएस ४ किंवा बीएस ६ डिझेल गाडी असेल तर हा अडॅप्टर जरूर घ्या. कमांडर किंवा एमएम ५४० सारख्या यांत्रिक पंपाच्या जीपसाठी घेऊ नका. तिला ना ईसीयू, ना सॉकेट. तिथे पारदर्शक नळी, नवा फिल्टर आणि पंपाचं टायमिंग जाणणारा मिस्त्रीच लागतो.